४८ मोड म्हणजे ४८के मशीन नव्हे: स्पेक्ट्रमच्या पिढ्यांत सॉफ्टवेअर जुळवण्याचा क्रम

गेल्या चवथीनंतर म्हापशाहून एक गृहस्थ काळा प्लस टू ए घेऊन फोंड्याला माझ्याकडे आले. म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड करणाऱ्या स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाचं एक मॉडेल. लिस्बनला राहणाऱ्या चुलतभावाने मशीन दिलेलं, सोबत बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. त्यातला एक खेळ लोड व्हायचा, चित्र यायचं आणि मग सगळं थिजायचं. त्यांनी हेड साफ केलं, बेल्ट बदलला, हेडचा स्क्रू फिरवून पाहिला. त्या स्क्रूच्या नादात आधी नीट लोड होणाऱ्या चार कॅसेटीही बंद पडल्या. टेपमध्ये दोष नव्हताच. तो प्रोग्रॅम १९८२ च्या मशीनच्या एका सवयीवर विसंबून लिहिलेला होता आणि प्लस टू ए मध्ये ती सवय उरलेली नव्हती.

असाच घोळ मी बऱ्याच जणांकडे पाहिला आहे. प्रोग्रॅम चालला नाही की आधी टेपवर संशय, मग मशीनवर, आणि शेवटी 'जुनं आहे, गेलं असेल' म्हणून सगळं माळ्यावर. खाली दिलेला क्रम सोडू नका. पुढचा टप्पा मागच्या टप्प्याच्या उत्तरावर उभा आहे.

तयारी

एक वही. मल्टिमीटर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. फोनमधून आवाज मशीनला देण्यासाठी मोनो जॅकची वायर. मशीनला स्वतःचा टेप डेक असेल तर गाडीच्या टेपमध्ये घालतात तो कॅसेट अडॅप्टर. लॅपटॉपवर फ्यूज हा मोफत इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. वहीत प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहायची: कोणतं मशीन, कोणता मोड, कोणती कॅसेट, काय दिसलं. कंटाळा येतो, पण दहाव्या प्रयत्नाला तिसऱ्यात काय झालं होतं ते आठवत नाही.

टप्पा १: हातात नेमकं कोणतं मशीन आहे ते ठरवा

'स्पेक्ट्रम आहे' एवढ्याने भागत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चार कुटुंबं धरा.

पहिलं कुटुंब मूळ ४८के चं, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या मशीनचं. रबरी बटणांचा स्पेक्ट्रम, कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आणि १९८६ पासून भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, हे सगळे यात. प्लसची पेटी वेगळी, पण आतला बोर्ड ४८के चाच. त्यामुळे 'प्लस आहे म्हणून चालत नसेल' हा तर्क पहिल्या दिवशीच सोडून द्या.

दुसरं कुटुंब १२८ चं. उजव्या बाजूला उघडा धातूचा हीटसिंक असलेला १२८ आणि टेप डेक जोडलेला राखाडी प्लस टू. पेट्या फार वेगळ्या दिसतात, पण आतून दोघं सख्खी भावंडं.

तिसरं कुटुंब प्लस थ्री, प्लस टू ए आणि प्लस टू बी यांचं. इथे सर्वांत जास्त लोक फसतात, कारण प्लस टू ए नावाने आणि रूपाने राखाडी प्लस टू सारखा आहे, पण आतून तो डिस्क काढलेला प्लस थ्री आहे. रंग काळा. मेनूत 'प्लस थ्री बेसिक' अशी ओळ दिसते. ती पाहून मशीन बिघडलं असं समजू नका, तीच त्याची ओळख.

चौथं कुटुंब पोर्तुगालात तयार झालेल्या टायमेक्सचं: टीसी २०४८ आणि टीसी २०६८. गोव्यात ही मशीनं निघण्याचं कारण उघड आहे. घरटी कोणीतरी पोर्तुगालात आहे. त्यांच्याविषयी टप्पा ७ मध्ये.

तपासणी: मशीनच्या मागचं वीज-सॉकेट पाहा. गोल, एका पिनेचं असेल तर पहिलं किंवा दुसरं कुटुंब. सहा पिनांचं डीन सॉकेट असेल तर तिसरं. रंग फिका पडला असेल, स्टिकर गेला असेल, तरी सॉकेट फसवत नाही.

टप्पा २: वीज आणि ओल

पहिल्या दोन कुटुंबांना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह असते. आपल्या बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असलेले असतात. ४८के ला १.४ अँपिअर आणि १२८ ला १.८५ अँपिअर अशी मूळ अडॅप्टरची क्षमता होती, त्याहून कमी घेऊ नका. तिसऱ्या कुटुंबाला अधिक ५, अधिक १२ आणि उणे १२ असे तीन वेगळे व्होल्टेज लागतात, म्हणून त्याला साधा अडॅप्टर लागूच होत नाही. टायमेक्सला मशीनवर छापलेलं वाचून मगच जोडा.

सावधान: अडॅप्टर मशीनला लावण्याआधी मीटर लावा. लाल टोक प्लगच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं पाहिजे. जुना मूळ अडॅप्टर रिकामा असताना १२-१३ व्होल्टही दाखवतो. त्यावर भार नसतो म्हणून. घाबरू नका.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जी ओल असते तिने मशीनच्या मागची सोन्या-तांब्याची पट्टी हिरवट होते. ती अल्कोहोलने पुसा, सॅंडपेपर लावू नका. वातानुकूलित खोलीतून मशीन पडवीत आणून लगेच चालू करू नका, थंड बोर्डावर बाष्प बसतं. तासभर थांबा.

सावधान: जॉयस्टिकचा किंवा दुसरा कोणताही इंटरफेस मागच्या पट्टीला लावताना किंवा काढताना वीज पूर्ण बंद. पट्टीत एक खाच असते आणि इंटरफेसच्या सॉकेटात त्या खाचेत बसणारा तुकडा. तो तुकडा पडून गेलेला असेल तर इंटरफेस एक घर सरकून बसू शकतो, आणि तेवढ्याने रॅमच्या चिप जातात. ४८के च्या खालच्या १६के रॅमला ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यांची अदलाबदल तिला सोसत नाही.

टप्पा ३: टेपचा प्रश्न आधी निकालात काढा

इथे वेळ द्या. टेप बरी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय पिढ्यांच्या फरकाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

१. कॅसेट उजेडात धरा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वाजवू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते.

२. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षे चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

३. तुमच्या कॅसेटीआधी फोनमधून एक छोटा, साधा ४८के चा प्रोग्रॅम लोड करून पाहा. फोन फ्लाइट मोडवर, इक्वलायझर आणि आवाज 'सुधारणारी' सगळी सेटिंग बंद, आवाज तीन चतुर्थांश. राखाडी प्लस टू ला बाहेरून टेप जोडायचं सॉकेट नाही, तिथे कॅसेट अडॅप्टरच वापरावा लागतो.

४. प्लस थ्रीवर प्लस थ्री बेसिकमध्ये असाल तर आधी लोड "टी:" ही आज्ञा द्या, म्हणजे मशीन डिस्क सोडून टेपकडे पाहील. हे विसरल्यामुळे 'टेप ऐकतच नाही' अशी तक्रार करणारे मला किमान तिघं भेटले.

आता स्क्रीनच्या कडेच्या पट्ट्या वाचा. लाल आणि आकाशी रुंद पट्टे स्थिर दिसतात ती सुरुवातीची शीळ. प्रोग्रॅमच्या नावाआधी ती सुमारे ५ सेकंद वाजते, मुख्य भागाआधी सुमारे २ सेकंद. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती वाचली जाते आहे. रुंद पट्टे थरथरत असतील तर आवाजाची पातळी किंवा हेड.

सावधान: हेडच्या स्क्रूला हात लावण्याआधी त्याच्या आताच्या जागेवर नेलपॉलिशची खूण करा. फिरवायचाच तर पाव फेरीच्या आत, आणि एका कॅसेटीसाठी फिरवला असेल तर तिचं काम झाल्यावर खुणेवर परत.

तपासणी: हा फाटा नीट समजून घ्या. मध्येच 'आर टेप लोडिंग एरर' आला तर प्रश्न टेपचा. पूर्ण लोड होऊन, एरर न देता, मग मशीन थिजलं, रिसेट झालं किंवा स्क्रीनवर कचरा आला, तर संशय पिढीवर. एकच अपवाद आहे: ज्या कॅसेटींना स्वतःचा वेगवान लोडर असतो त्या टेप खराब असली तरी एरर न दाखवता मशीन रिसेट करतात. अशी कॅसेट असेल तर तोच प्रोग्रॅम फोनमधून लोड करून पाहा. तरीही तसंच घडलं तर टेप निर्दोष.

टप्पा ४: बरोबर मोड निवडा

१२८ किंवा प्लस टू चालू केला की मेनूत पहिली ओळ 'टेप लोडर'. बहुतेक लोक थेट एंटर दाबतात, आणि ४८के चा प्रोग्रॅम १२८ मोडमध्ये लोड होतो. काही चालतात, काही नाही, आणि का ते कळत नाही.

कारण असं: ४८के मध्ये २३२९६ ते २३५५१ हा २५६ बाइटचा भाग प्रिंटरसाठी राखलेला असतो. प्रिंटर कोणाकडेच नसायचा, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे तिथे आपला मशीन कोड ठेवायचे. १२८ मोडमध्ये तीच जागा मशीन स्वतःच्या कामाला वापरतं. दोघांचा एकाच खोलीवर हक्क.

म्हणून ४८के च्या प्रोग्रॅमसाठी मेनूतून नेहमी '४८ बेसिक' निवडा. तिथे लोड हा शब्द अक्षरं टाइप करून येत नाही, जे ची कळ एकदा दाबली की पूर्ण शब्द उमटतो. मग सिम्बॉल शिफ्ट आणि पी दोनदा, मग एंटर.

४८ बेसिकमध्ये गेलं की १२८ चं जादा रॅम रिसेट होईपर्यंत कुलूपबंद होतं. ते बदलणारा पोर्ट, म्हणजे प्रोसेसर बाकीच्या भागांशी बोलतो तो क्रमांक, ३२७६५ आहे आणि त्याचा एक बिट हे कुलूप लावतो. त्यामुळे १२८ साठीच लिहिलेला खेळ इथून चालवू नका. काही प्रोग्रॅमांना मात्र ४८ चं वातावरण आणि १२८ चं रॅम दोन्ही हवं असतं. १२८ आणि राखाडी प्लस टू वर त्यासाठी १२८ बेसिकमध्ये जाऊन रँडमाइझ यूएसआर ० ही आज्ञा द्या. समोर ४८ सारखीच स्क्रीन येते, पण कुलूप लागलेलं नसतं.

हाताने लिहिलेल्या बेसिक प्रोग्रॅमांचं एक वेगळं दुखणं आहे. ४८ मध्ये आपण स्वतः रेखाटायची २१ अक्षरं मिळतात, ए पासून यू पर्यंत. १२८ बेसिकमध्ये १९ च, कारण टी आणि यू च्या जागा, म्हणजे कोड १६३ आणि १६४, स्पेक्ट्रम आणि प्ले या नव्या आज्ञांना गेल्या. खेळातल्या राक्षसाच्या जागी स्क्रीनवर अचानक 'प्ले' असा शब्द दिसला तर प्रोग्रॅम बिघडलेला नाही. ४८ बेसिकमध्ये लोड करा. उलट दिशेने, प्ले वापरणारा १२८ चा प्रोग्रॅम ४८ वर 'नॉनसेन्स इन बेसिक' म्हणून अडतो. त्याला उपाय नाही, तिथे संगीताची चिपच नाही.

टप्पा ५: एकाच पिढीतही फरक असतो

४८के च्या पहिल्या बोर्डांत आणि नंतरच्या, इश्यू ३ (बोर्डाची तिसरी आवृत्ती) पासूनच्या बोर्डांत कीबोर्ड वाचताना येणारा एक बिट वेगळा येतो. आरंभीच्या काही प्रोग्रॅमांनी पाच कळांचे पाच बिट तपासण्याऐवजी पूर्ण बाइट तपासला, आणि नव्या बोर्डावर ते एकही कळ मानेनात. लोक कीबोर्डची फिल्म बदलून मोकळे होतात.

तपासणी: टेपची वायर काढा आणि प्रिंट इन ६५२७८ ही आज्ञा द्या. २५५ आलं तर जुना बोर्ड, १९१ आलं तर नवा. १९१ आहे, बेसिकमध्ये सगळ्या कळा चालतात आणि त्या एकाच प्रोग्रॅममध्ये चालत नाहीत, तर फिल्मला हात लावू नका.

रॅम पूर्ण आहे का तेही इथेच पाहून घ्या: प्रिंट पीक २३७३३. उत्तर २५५ म्हणजे पूर्ण ४८के, १२७ म्हणजे फक्त १६के सापडलं. १६के चं मशीन असेल तर ते बरोबर. ४८के असून १२७ आलं तर वरच्या रॅममध्ये बिघाड आहे आणि सॉफ्टवेअरची चर्चा तिथेच थांबवा.

अजून एक नेहमीची चूक. खेळाने जॉयस्टिक विचारली, तुम्ही केम्प्स्टन (जॉयस्टिक जोडायची एक पद्धत) निवडलं, आणि इंटरफेस लावलेलाच नाही. रिकाम्या पोर्टवरून काहीही वाचलं जातं आणि नायक आपोआप एका बाजूला धावत सुटतो. कीबोर्ड निवडा. राखाडी आणि काळ्या प्लस टू ला जॉयस्टिकची सॉकेटं दिसतात, पण त्यांच्या पिनांची जुळणी नेहमीच्या जॉयस्टिकची नाही आणि ती केम्प्स्टनही नाहीत. खेळात 'सिंक्लेअर' निवडा आणि जुळणी बदलणारी वायर वापरा.

टप्पा ६: काळ्या मशीनवर थिजणारे प्रोग्रॅम

आता म्हापशाच्या त्या मशीनकडे. ४८ मोड निवडला, टेप सिद्ध झाली, तरी थिजतं. ४८ मोड म्हणजे ४८के मशीन नव्हे, हे इथे खऱ्या अर्थाने कळतं. मोड बदलून रॉम आणि रॅम जुन्यासारखं दिसतं, बोर्डावरची चिप तीच राहते.

मूळ ४८के मध्ये जिथे काहीच जोडलेलं नाही असा पोर्ट वाचला, तर चित्र काढणारी चिप त्या क्षणी स्क्रीनच्या मेमरीतून जो बाइट उचलत असते तोच हाती येतो. हुशार प्रोग्रॅमरांनी यातून टीव्हीवर चित्र रेखाटणारा किरण पडद्यावर कुठे पोहोचला आहे ते ओळखायची युक्ती काढली, म्हणजे आकृती न लुकलुकता हलवता येते. आर्कानॉइड आणि कोब्रा हे खेळ हीच युक्ती वापरतात. काळ्या मशीनवर ४८ मोडमध्ये तो पोर्ट कायम २५५ देतो. प्रोग्रॅम ज्या बाइटची वाट पाहतो तो येतच नाही, आणि तो वाट पाहत राहतो. हेच ते थिजणं.

दुसरं कारण रॉमचं. ४८के च्या रॉममध्ये १४४४६ ते १५६१५ हे ११७० बाइट रिकामे, सगळीकडे २५५ भरलेले. इंटरप्टचं (प्रोसेसरचं चालू काम मध्येच थांबवणाऱ्या इशाऱ्याचं) कोष्टक स्वतःच्या रॅममध्ये बनवायची जागा वाचवण्यासाठी काहींनी थेट त्या रिकाम्या भागाकडे बोट दाखवलं. पुढच्या मशीनच्या रॉममध्ये त्या भागात नवा कोड आला, त्यामुळे हे दुखणं राखाडी मशीनवरही भेटतं.

तिसरं कारण वेळेचं. ४८के एका चित्राला प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ टिक घेतो, एका ओळीला २२४. १२८ आणि त्यापुढची मशीनं ७०,९०८ आणि २२८. प्रत्येक ओळीला रंग बदलणारे डेमो चार-चार टिकने सरकत जातात आणि रंगांचे पट्टे तिरपे होतात. हे बिघाड नाही आणि मशीनवर दुरुस्तही होत नाही. त्या डेमोची १२८ साठीची आवृत्ती शोधा.

पहिल्या कारणावर मात्र उपाय आहे. आधी दुरुस्त केलेली आवृत्ती आहे का पाहा. नसेल आणि मशीन कोड वाचता येत असेल, तर २१९, २५५ या जोडीचा शोध घ्या. पोर्ट वाचायची आज्ञा बहुधा तीच असते. वाट पाहणाऱ्या त्या लूपच्या जागी हॉल्ट, म्हणजे पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबायची आज्ञा ११८, आणि उरलेल्या जागी शून्यं.

सावधान: त्या क्षणी इंटरप्ट बंद असतील तर हॉल्ट मशीनला कायमचं थांबवेल. आधी बघा, मग बदला. आणि नेहमी प्रतीवर काम करा, मूळ फाइलवर नाही.

मागच्या पट्टीला लावायच्या जुन्या वस्तूंबद्दल एका वाक्यात: इंटरफेस वन हा जुना विस्तार-डबा काळ्या मशीनवर चालत नाही, कारण रॉम बाजूला सारणारी वायर तिथे जुन्या जागी नाही, घासूनपुसून काही होणार नाही.

टप्पा ७: टायमेक्स

टीसी २०४८ बहुतेक ४८के सॉफ्टवेअर चालवतो आणि केम्प्स्टन पद्धतीचं जॉयस्टिक सॉकेट त्यात मुळातच आहे. अडतो तो टप्पा ६ मधल्या त्याच युक्तीवर: त्याच्यात पोर्ट २५५ स्क्रीनचा मोड निवडण्यासाठी वापरला आहे, आणि वाचला तर लिहिलेलाच आकडा परत मिळतो. टीसी २०६८ ची रॉमच वेगळी. त्यावर स्पेक्ट्रमची कॅसेट लावण्याआधी स्पेक्ट्रम इम्युलेटरची कार्ट्रिज हवी. ती नसेल तर खोक्यात पुन्हा शोधा, कॅसेटींशी झगडू नका. त्याच्यात संगीताची चिप आहे, पण वेगळ्या पोर्टवर, म्हणून १२८ साठीचं संगीत त्यावर ऐकू येत नाही.

टप्पा ८: इम्युलेटरवर निवाडा

संशय पिढीवर आला की फ्यूज उघडा. एकच फाइल घ्या आणि फक्त मशीनचा प्रकार बदला: ४८के, १२८, प्लस टू ए, टीसी २०४८. जुन्या बोर्डाच्या कीबोर्डसाठी त्यात वेगळी निवड आहे, तीही चालू-बंद करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट. ४८के वर चाललं आणि प्लस टू ए वर थिजलं, तर तुमच्या टेबलावरचं मशीन निर्दोष आहे.

फाइल जपून ठेवताना टीझेडएक्स हा टेप-फाइलचा प्रकार ठेवा. टॅप प्रकारात वेगवान लोडर नीट मावत नाहीत. स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणी घेतलेली मेमरीची प्रत, सोपा वाटतो, पण तो ज्या मशीनवर घेतला त्याचीच सावली घेऊन येतो. काही खेळ लोड होतानाच १२८ आहे का ते तपासतात आणि असेल तरच संगीत घेतात. ४८ वर घेतलेला स्नॅपशॉट १२८ वर मुकाच राहणार. ४८के चा एसएनए स्नॅपशॉट बरोबर ४९,१७९ बाइटचा असतो, फाइलचा आकार वेगळा दिसला तर ती अर्धवट उतरलेली असेल किंवा १२८ ची असेल.

शेवटी कॅसेटीच्या लेबलवर तीन गोष्टी लिहा: चालतं ते मशीन, मोड, आणि जॉयस्टिकची निवड. म्हापशाच्या खोक्यातल्या त्या खेळावर आता 'फक्त ४८के, काळ्यावर नाही' असं लिहिलेलं आहे, खाली दुरुस्त आवृत्तीच्या फाइलचं नाव. हेडवर खूण केलेली नव्हती, म्हणून स्क्रू जागेवर आणायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. कारखान्यात भरलेल्या एका चांगल्या कॅसेटीची शीळ ऐकत, आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल तिथपर्यंत स्क्रू केसभर केसभर फिरवायचा. त्या चारही कॅसेटी आता लोड होतात.